वर्षाला एक फ्रँक भाड्याची बोट : जाक कूस्तो यांची गोष्ट

मालवणला किंवा तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग करून आलेला एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याचा तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. डोळ्यांवर मास्क, तोंडात रबरी नळी, आजूबाजूला पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि आपला गडी आनंदाने अंगठा वर करतोय. (डायव्हिंगच्या भाषेत अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’ असा अर्थ होतो, हे त्याला सोबतच्या गाइडने सांगितलेलं असतं, पण पाण्यात गेल्यावर कुणाच्या लक्षात राहतंय!)

त्या तीस सेकंदांच्या व्हिडिओत दोन तंत्रज्ञानं एकत्र काम करत असतात. एक, पाण्याखाली श्वास घेऊ देणारं यंत्र. दुसरं, पाण्याखाली चालणारा कॅमेरा. या दोन्हींच्या इतिहासात एक नाव पुन्हा पुन्हा येतं : जाक कूस्तो. आणि खासगी बोट घ्यायची, उष्ण समुद्रातल्या बेटांवर फिरायचं, प्रवाळ, कासवं, देवमासे बघायचे, हे जे स्वप्न आज पॅकेज म्हणून विकलं जातं, तेही लाखो लोकांच्या घरात याच माणसाच्या सिनेमांमुळे आणि टीव्ही मालिकांमुळे शिरलं.

कूस्तोंची बोट भाड्याची होती. भाडं किती? वर्षाला एक फ्रँक. वाचायला भारी वाटतं. पण त्या बोटीचा खरा खर्च कोणी कोणी भरला, हे पाहिलं की गोष्ट वेगळी दिसायला लागते. चला, सुरुवातीपासून बघू.

व्हायचं होतं पायलट

जाक-ईव्ह कूस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये, बोर्दो शहराजवळच्या सां-आंद्रे-द-क्यूबझाक या गावी झाला. लहानपणापासून दोन नाद : पोहणं आणि यंत्रं उघडून बघणं. शाळकरी वयातच त्यांनी सिनेमाचा कॅमेरा मिळवला आणि घरच्या घरी फिल्म बनवायला सुरुवात केली. १९३० मध्ये ते फ्रेंच नौदलाच्या अकादमीत दाखल झाले. पुढे नौदलाचं विमान चालवायचं, हे ठरलेलं होतं.

१९३६ मध्ये रात्रीच्या वेळी त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. दोन्ही हात मोडले. जीव वाचला, पण पायलट होण्याचा विषय तिथेच संपला. बदली तूलाँ या बंदरावर झाली. हातांत पुन्हा ताकद यावी म्हणून ते रोज समुद्रात पोहायला लागले. तिथे फिलिप ताय्ये नावाच्या नौदलातल्या सहकाऱ्याने त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. कूस्तोंनी तो लावून डोकं पाण्यात घातलं, आणि इतकी वर्षं आपण नुसतं पाण्याच्या वरून पोहत होतो, हे त्यांना कळलं. खाली अख्खं जंगल होतं.

पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्यांचं लग्न सिमोन मेल्कियोर यांच्याशी झालं. सिमोन यांचे वडील एर लिक्विद या औद्योगिक वायू बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या पदावर होते. ही माहिती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अडचण काय होती?

दम रोखून माणूस पाण्याखाली मिनिट-दीड मिनिट राहतो. तेवढ्यात काय बघणार आणि काय शूट करणार? त्या काळात खोल जाणारे पाणबुडे तांब्याचं जड शिरस्त्राण घालायचे, वरच्या बोटीतून त्यांना नळीने हवा पुरवली जायची. म्हणजे दावणीला बांधल्यासारखंच. दुसरा पर्याय होता पाठीवर सिलिंडर घ्यायचा आणि त्यातली हवा सतत सोडत राहायची. पण त्यात निम्मी हवा फुकट जायची. कूस्तोंनी शुद्ध ऑक्सिजन वापरूनही पाहिला. दोनदा पाण्यातच झटके आले, मरता मरता वाचले. ठरावीक खोलीनंतर शुद्ध ऑक्सिजन शरीरासाठी विषारी ठरतो, हे त्यांनी असं स्वतःवर प्रयोग करून शिकून घेतलं.

खरी अडचण दाबाची आहे. जमिनीवर आपल्यावर एक वातावरण दाब असतो. समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की त्यात आणखी एकाची भर पडते. म्हणजे २० मीटरवर छातीवर तिप्पट दाब. अशा वेळी फुप्फुसात जाणारी हवाही तेवढ्याच दाबाची हवी. कमी असेल तर छाती फुगणारच नाही, जास्त असेल तर फुप्फुसाला इजा होईल. आणि डायव्हर तर सारखा वर-खाली होत असतो. म्हणजे हा दाब प्रत्येक श्वासाला आपोआप जुळवला गेला पाहिजे.

मागितली की मिळेल

डिसेंबर १९४२. दुसरं महायुद्ध चालू, फ्रान्सवर जर्मनीचा ताबा. सासऱ्यांच्या ओळखीने कूस्तो पॅरिसमध्ये एर लिक्विद कंपनीतल्या एमील गान्याँ या इंजिनिअरला भेटले. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, त्यामुळे लोक गाड्या गॅसवर चालवत होते. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह गान्याँ यांनी तयार केला होता. कूस्तोंना हवं होतं ते नेमकं हेच. फक्त इंजिनाच्या जागी माणूस.

सोप्या भाषेत बघू. एक छोटी डबी घ्या. तिच्या एका बाजूला रबराचा पातळ पडदा. पडद्याच्या बाहेर समुद्राचं पाणी, आत हवा. तुम्ही श्वास ओढला की आतला दाब कमी होतो, बाहेरचं पाणी पडद्याला आत ढकलतं, पडदा एक दांडी दाबतो आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडतो. हवा आत येते. आतला आणि बाहेरचा दाब समान झाला की पडदा जागेवर जातो आणि व्हॉल्व्ह बंद. म्हणजे खोली मोजायची गरजच नाही. पाणीच दाब सांगतं. मी रोज सर्व्हरवर काम करतो, म्हणून मला हे फार आवडतं : सतत डेटा ढकलत राहायचं नाही, रिक्वेस्ट आली की तेवढंच द्यायचं. कुठेही बॅटरी नाही, सेन्सर नाही, चिप नाही.

जानेवारी १९४३ मध्ये पॅरिसजवळ मार्न नदीच्या थंडगार पाण्यात पहिली चाचणी झाली. आडवं पोहताना यंत्र मस्त चाललं. उभं राहिल्यावर मात्र हवा भसाभस वाया जायला लागली, आणि डोकं खाली केल्यावर श्वास ओढणंच कठीण झालं. दोघं निराश होऊन परत निघाले. मग कारण सापडलं. श्वास बाहेर टाकायची जागा आणि तो पडदा, हे दोन्ही वेगवेगळ्या उंचीवर होते. पाण्यात थोड्याशा उंचीनेही दाब बदलतो, त्यामुळे शरीर फिरवलं की हिशोब चुकायचा. बाहेर जाणारी नळी पडद्याच्या शेजारी आणून ठेवली आणि बग सुटला. यंत्रात नवीन काही घालावं लागलं नाही, फक्त एका भागाची जागा बदलली.

त्याच वर्षी जूनमध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर, बांदोल इथे कूस्तो ते यंत्र पाठीवर बांधून पाण्यात उतरले. कोलांट्या मारल्या, डोकं खाली करून पाहिलं. कुठल्याही अवस्थेत श्वास चालू. यंत्राला नाव मिळालं ‘अ‍ॅक्वालंग’. आज तारकर्लीला तुमच्या तोंडात जो रेग्युलेटर देतात, तो याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती आहे.

हवेतलं विष, खोलीतली नशा

नवीन यंत्राबरोबर नवीन धोकेही आले. १९४६ मध्ये कूस्तो आणि त्यांचे मित्र फ्रेदेरिक द्युमा दक्षिण फ्रान्समधल्या वोक्लूझच्या प्रसिद्ध झऱ्यात, पाण्याने भरलेल्या गुहेत उतरले. खाली गेल्यावर दोघांची डोकी बधिर झाली. कसेबसे वर आले. नंतर शोध घेतला तर कळलं, की सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरने स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढला होता. सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड गेला होता. यंत्र उत्तम होतं, पण इनपुट खराब होतं.

पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, त्यांच्या टीममधले मोरिस फार्ग हे हवेचा सिलिंडर घेऊन किती खोल जाता येतं याची चाचणी करताना वारले. ते सुमारे १२० मीटरपर्यंत पोचले होते. खूप खोल गेल्यावर हवेतला नायट्रोजन मेंदूवर दारूसारखा चढतो. माणसाला धोका दिसतच नाही. हौशी डायव्हर्ससाठी आज ४० मीटरची मर्यादा असते, त्यामागे अशा लोकांचे जीव आहेत. अ‍ॅपमधली सूचना न वाचता ‘मान्य आहे’ दाबायची आपल्याला सवय असते. डायव्हिंगच्या आधी जी सूचना देतात ती मात्र ऐकाच. त्यातली पहिलीच म्हणजे दम कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगत जाते.

अखेर बोट मिळाली

युद्ध संपलं होतं, अ‍ॅक्वालंग बाजारात आलं होतं. कूस्तोंना आता लांबच्या, उष्ण समुद्रात जायचं होतं. त्यासाठी स्वतःची बोट हवी. नौदलाच्या पगारात ती कुठून येणार?

मग लोएल गिनेस हे श्रीमंत ब्रिटिश गृहस्थ भेटले. त्यांनी १९५० मध्ये एक जुनी बोट विकत घेतली आणि कूस्तोंना वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने दिली. बोटीचं नाव ‘कॅलिप्सो’. तिचाही इतिहास मजेदार आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे बांधलेली आणि १९४२ मध्ये पाण्यात उतरलेली ही बोट ब्रिटिश नौदलासाठी सुरुंग शोधण्याचं काम करायची. म्हणून ती लाकडी, कारण लोखंडी बोट पाहून चुंबकीय सुरुंग फुटतात. युद्धानंतर ती माल्टा आणि गोझो या बेटांमध्ये माणसं आणि गाड्या ने-आण करणारी फेरीबोट झाली. कॅलिप्सो हे नाव ग्रीक पुराणकथेतल्या अप्सरेचं, आणि गोझो हे तिचंच बेट असं मानतात.

सुमारे ४२ मीटर लांबीच्या या बोटीला कूस्तोंनी प्रयोगशाळा बनवलं. नाकाच्या टोकाला पाण्याखाली एक छोटी लोखंडी खोली बसवली, तिला काचेच्या खिडक्या. बोट चालू असताना तिथे आडवं पडून खालचे मासे बघता यायचे.

भाडं एक फ्रँक, पण डिझेल, पगार, दुरुस्ती, जेवणखाण हे सगळं कोण देणार? सिमोन यांनी त्यासाठी आपले दागिने विकले, असं सांगितलं जातं. पुढची चाळीस वर्षं त्यांनी नवऱ्यापेक्षा जास्त दिवस या बोटीवर काढले. खलाशांची आजारपणं, भांडणं, घरची आठवण, सगळं त्या सांभाळायच्या. खलाशी त्यांना मेंढपाळीण म्हणायचे. सिनेमांत मात्र त्या क्वचितच दिसतात.

नोव्हेंबर १९५१ मध्ये कॅलिप्सो शास्त्रज्ञांना घेऊन तांबड्या समुद्राकडे निघाली. तिथल्या प्रवाळांचा अभ्यास ही तिची पहिली मोठी मोहीम.

तेलाच्या पैशावर चालणारी बोट

ही गोष्ट कूस्तोंवरच्या कौतुकाच्या व्हिडिओंमध्ये सहसा नसते. १९५४ मध्ये कॅलिप्सो इराणच्या आखातात गेली. काम होतं तेल शोधणाऱ्या कंपनीचं. अबू धाबीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्राच्या तळाचे दगड डायव्हर्सनी फोडून वर आणायचे आणि गुरुत्वाकर्षणाची मोजमापं घ्यायची, ज्यावरून खाली तेल असेल का याचा अंदाज येतो. १९५८ मध्ये त्या भागात खरोखर तेल सापडलं.

म्हणजे समुद्र वाचवा म्हणून पुढे जगभर ओळखला गेलेला माणूस सुरुवातीच्या काळात समुद्रातलं तेल शोधून आपली बोट चालवत होता. ढोंग म्हणायचं का याला? मला तसं वाटत नाही. तेव्हा त्यांच्यासह बहुतेकांना समुद्र अफाट आणि न संपणारा वाटत होता. तेल काढलं, मासे मारले तर काय बिघडणार, अशी समजूत होती. या समजुतीचं सगळ्यात उघड चित्र त्यांच्याच सिनेमात आहे. पण त्याआधी कॅमेऱ्याबद्दल थोडं.

लाल रंग कुठे गेला?

फोन पाण्याखाली नेऊन काढलेले फोटो निळे-हिरवे का येतात? पाणी प्रकाशातला लाल भाग सगळ्यात आधी शोषून घेतं. पाच-दहा मीटर खाली गेलं की लाल जवळपास संपतो. आणखी खाली तर रक्तसुद्धा हिरवट दिसतं. कूस्तोंच्या टीमला हे धक्का देऊन गेलं होतं. मग त्यांनी पाण्याखाली प्रखर दिवे नेले, आणि करडे वाटणारे प्रवाळ एकदम लाल-केशरी पेटल्यासारखे दिसले. ते रंग तिथे कायमच होते, त्यांना उजेड नव्हता एवढंच.

या कामात त्यांना अमेरिकेतले इंजिनिअर हॅरल्ड एजर्टन यांची मोठी मदत झाली. सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरता लखलखणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश ही त्यांची खासियत. १९५३ पासून ते कॅलिप्सोवर येऊ लागले, आणि खलाशांनी त्यांचं नाव ‘पापा फ्लॅश’ ठेवलं. पुढे कूस्तोंच्या सांगण्यावरून बेल्जियन इंजिनिअर जाँ द वाउटर्स यांनी वेगळ्या पेटीशिवाय थेट पाण्यात नेता येईल असा कॅमेरा बनवला. त्याचंही नाव कॅलिप्सो. निकॉन कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९६३ मध्ये ‘निकोनॉस’ या नावाने तो बाजारात आणला. सांध्यांमध्ये रबराच्या कड्या बसवून पाणी अडवायचं, ही त्यातली युक्ती. तुमच्या वॉटरप्रूफ फोनच्या आतही असेच रबराचे आणि गोंदाचे थर असतात.

इथे एक सूचना, स्वानुभवातून. आयपी ६८ लिहिलेला फोन घेऊन मी बिनधास्त समुद्रात उतरलो होतो. दोन दिवसांनी चार्जिंगची जागा गंजली आणि फोन गेला. चूक माझीच होती. ही चाचणी साध्या, गोड्या पाण्यात होते. खाऱ्या पाण्यासाठी ती नसते. समुद्रात फोन न्यायचाच असेल तर वेगळं वॉटरप्रूफ कव्हर घ्या.

बक्षीस मिळवणारा सिनेमा आणि त्यातली दृश्यं

१९५५ मध्ये कॅलिप्सो तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरात फिरली. सेशेल्स बेटं, आल्दाब्राजवळचं अझम्पशन बेट, प्रवाळांच्या भिंती. सोबत लुई माल हे विशीतले दिग्दर्शक. त्यातून जो सिनेमा तयार झाला, ‘द सायलेंट वर्ल्ड’, त्याला १९५६ मध्ये कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि त्यानंतर ऑस्करही. समुद्राखालचं रंगीत जग जगाने पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिलं.

अझम्पशनजवळ एका मोठ्या गोब्रा माशाशी टीमची दोस्ती झाली. त्याचं नाव त्यांनी जोजो ठेवलं. तो कुत्र्यासारखा मागे मागे यायचा, हातातून खायचा, इतका की दुसऱ्या माशांचं शूटिंग करता यावं म्हणून त्याला काही वेळ पिंजऱ्यात ठेवावं लागलं. हा भाग बघताना आजही चेहऱ्यावर हसू येतं.

पण त्याच सिनेमात बेटावरच्या अवाढव्य कासवांच्या पाठीवर बसून मजा करणारे खलाशी आहेत. एका ठिकाणी माशांच्या किती जाती आहेत हे मोजायला प्रवाळात डायनामाइट फोडलं जातं. मेलेले मासे गोळा करून मोजतात. आणि सगळ्यात वाईट प्रसंग : बोट स्पर्म व्हेलच्या कळपात शिरते, एक पिल्लू पंख्यात सापडून रक्तबंबाळ होतं. टीम त्याला मारून टाकते. रक्ताच्या वासाने शार्क येतात, पिल्लाचे लचके तोडतात. मग चिडलेले खलाशी त्या शार्कना डेकवर ओढून कुऱ्हाडीने तोडतात. जखम केली बोटीने आणि शिक्षा झाली शार्कना.

आज असा व्हिडिओ कुणी टाकला तर तासाभरात ट्रोल होईल. तेव्हा मात्र परीक्षकांनी बक्षीस दिलं. कूस्तोंनी ही दृश्यं लपवली नव्हती, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

पाण्याखाली घर

१९५७ मध्ये कूस्तो मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाचे संचालक झाले. १९५९ मध्ये त्यांच्या टीमने बशीच्या आकाराची दोन माणसांची छोटी पाणबुडी बनवली. पाण्याचे फवारे मागे सोडून ती पुढे जायची आणि ३५० मीटरपर्यंत खाली उतरू शकायची.

त्यानंतरची कल्पना आणखी धाडसी होती : माणसाने समुद्रातच राहायचं. १९६२ मध्ये मार्सेजवळ आल्बेर फाल्को आणि क्लोद वेस्ली हे दोघं १० मीटर खोलीवरच्या लोखंडी पिंपासारख्या घरात एक आठवडा राहिले. १९६३ मध्ये सुदानच्या किनाऱ्याजवळ, शाब रूमी या प्रवाळ खडकावर, तारामाशाच्या आकाराचं घर उतरवलं गेलं. तिथे माणसं महिनाभर राहिली. १९६५ मध्ये नीसजवळ सहा जण १०० मीटर खोलीवर तीन आठवडे राहिले. या प्रयोगांनाही तेल उद्योगाचा पैसा होता, कारण समुद्राच्या तळाशी काम करणारे कामगार त्यांना हवे होते.

शाब रूमीवरच्या त्या वस्तीचे अवशेष अजून आहेत. त्यांच्यावर आता प्रवाळ वाढलेत आणि डायव्हर्स ते बघायला जातात. समुद्रात माणसांची गावं वसवण्याचा नाद मात्र कूस्तोंनी सोडून दिला.

माणूस बदलतो

हा बदल एका दिवसात झाला नाही. १९६० मध्ये फ्रान्सच्या अणुऊर्जा खात्याने किरणोत्सर्गी कचरा भूमध्य समुद्रात टाकायची योजना आखली, तेव्हा कूस्तो विरोधात उभे राहिले. लोकांचा विरोध इतका वाढला की योजना थांबली.

१९६८ पासून त्यांची समुद्राखालच्या जगावरची मालिका अमेरिकन टीव्हीवर सुरू झाली. लाल लोकरी टोपी घातलेला हा बारीक माणूस घरोघरी पोचला. पण याच काळात एक गोष्ट त्यांना सतत दिसत होती. आपण पूर्वी जिथे शूट केलं तिथे परत गेलं की आधीची गर्दी नाही. मासे कमी, प्रवाळ मेलेले, पाणी गढूळ. त्यांच्याकडे या बदलाचा पुरावा होता, तो म्हणजे स्वतःच्याच जुन्या फिल्म. १९७३ मध्ये त्यांनी समुद्राच्या रक्षणासाठी कूस्तो सोसायटी स्थापन केली. १९७७ मध्ये कॅलिप्सो भूमध्य समुद्रात ठिकठिकाणी प्रदूषण मोजत फिरली. ज्या बोटीने एकेकाळी तेलासाठी दगड गोळा केले, तीच आता पाण्याचे नमुने गोळा करत होती.

१९८५ मध्ये त्यांनी ‘अल्सिओन’ ही नवी बोट आणली. तिच्यावर कापडी शिडांऐवजी धातूचे दोन उंच, पोकळ खांब होते. आतला पंखा खांबाच्या पृष्ठभागावरून हवा ओढून घेतो, त्यामुळे वाऱ्याचा जोर कितीतरी पटींनी उपयोगी पडतो आणि डिझेल वाचतं. ज्यांचं आयुष्य डिझेलचा खर्च भागवण्यात गेलं, त्यांना हे सुचणं साहजिक होतं.

१९९० मध्ये त्यांनी अंटार्क्टिकातल्या खाणकामाविरुद्ध सह्यांची मोहीम चालवली. दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. १९९१ मध्ये माद्रिद इथे देशांनी करार करून तिथल्या खाणकामावर बंदी घातली. त्यामागे अनेकांचे प्रयत्न होते, कूस्तोंचा आवाज त्यातला एक मोठा.

घरातली किंमत

धाकटा मुलगा फिलिप त्यांचा वारस मानला जायचा. उत्तम डायव्हर, कॅमेरामन आणि पायलटही, म्हणजे बापाला जे होता आलं नाही तेही. २८ जून १९७९ रोजी लिस्बनजवळ टागुस नदीवर त्यांचं पाण्यावर उतरणारं विमान कोसळलं आणि फिलिप गेले. वय अवघं ३८.

डिसेंबर १९९० मध्ये सिमोन गेल्या. त्यांच्या अस्थी समुद्रातच सोडल्या. पुढच्या वर्षी कूस्तोंनी फ्रान्सीन त्रिप्ले यांच्याशी लग्न केलं. त्यांच्यापासून कूस्तोंना आधीच दोन मुलं होती, आणि हे जगाला तेव्हा कळलं. पडद्यावरच्या कॅप्टनचं घरातलं आयुष्य असं गुंतागुंतीचं होतं.

जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. तिला वर काढून फ्रान्सला आणलं, पण दुरुस्ती वादांमध्ये वर्षानुवर्षं रखडली. दीड वर्षाने, २५ जून १९९७ रोजी, पॅरिसमध्ये कूस्तो वारले. वय ८७. त्यांना जन्मगावीच पुरलं.

मग आपण काय घ्यायचं?

कूस्तोंना मोठं ठरवायला त्यांच्या चुका झाकायची गरज नाही, आणि त्या चुका दाखवून त्यांना मोडीत काढायचीही नाही. त्यांचं यंत्र नसतं तर समुद्राखाली काय आहे हे आपल्याला कळलंच नसतं. आणि जे दिसत नाही ते वाचवायला कोण जातं? पण तेच यंत्र, तीच बोट माणसाला इतक्या जवळ घेऊन गेली की त्याचा पाय प्रवाळावर पडायला लागला. जवळ जाणं आणि इजा करणं यात फार अंतर नसतं. कूस्तोंना ते समजायला वीस-पंचवीस वर्षं लागली. आपल्याला तेवढी लागायचं कारण नाही, कारण त्यांची फिल्म आपल्यासमोर आहे.

तेव्हा पुढच्या वेळी मालवणला, अंदमानला किंवा लक्षद्वीपला बोट ठरवाल तेव्हा भाड्यासोबत आणखी दोन गोष्टी विचारा : नांगर कुठे टाकता, प्रवाळावर की वाळूत? आणि माशांना पाव-बिस्किटं टाकता का? पाण्यात उतरल्यावर कशालाही हात लावू नका, प्रवाळावर उभे राहू नका. तो दगड नाही, हजारो छोट्या जिवांची वसाहत आहे, आणि त्यातले बरेच प्रकार वर्षाला काही सेंटिमीटरच वाढतात. एका सेल्फीत अनेक वर्षांची वाढ मोडू शकते.

आणि फोटो मात्र जरूर काढा. कूस्तोंच्या जुन्या फिल्म पुढे पुरावा ठरल्या, तसा तुमच्या फोनमधला फोटोही ठरू शकतो, कारण त्यात तारीख आणि जागा आपोआप नोंदलेली असते. आय-नॅचरलिस्ट या अ‍ॅपवर असे फोटो टाकता येतात, आणि ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी चौपाटीवरच्या ओहोटीत असेच जीव शोधून त्यांची नोंद करतात. त्यासाठी बोटही लागत नाही. ओहोटीची वेळ फोनवर बघा, चांगले चपला-बूट घाला, आणि खडकांमधल्या डबक्यात वाकून बघा. हात मात्र मागे बांधून.